पाणंदीतली दोन माणसं

आमच्या विभागात पात्र मिळालं की आधी वही घ्यायची, अशी पद्धत आहे. तिला निरीक्षण वही म्हणतात. आपल्या पात्रासारखं माणूस खऱ्या जगात शोधायचं आणि ते कसं बसतं, कसं उठतं, पाणी पिताना तांब्या तोंडाला लावतं की वरून ओततं, हे सगळं त्यात लिहायचं. सर म्हणतात, माणूस चोरून बघा, पण त्याचं काही चोरू नका. हे वाक्य मी दोन वर्षं पाठ म्हणत होते. त्यातलं पहिलं अर्धंच मला कळलं होतं, हे मला गेल्या दिवाळीत समजलं.

मी इंद्रायणी, निरगुडसरची. पुण्यात नाट्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. गावात एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'मग टीव्हीवर शिरेलीत कधी दिसायची?' पुण्यात वेगळीच तऱ्हा. पहिल्या वर्षी एका प्रवेशात माझ्या तोंडून 'व्हतं' निघून गेलं, आणि अख्खा वर्ग हसला. प्रेमानंच हसले, असं ते म्हणतात. त्यानंतर सहा महिने मी आरशासमोर उभी राहून 'होतं, नाही, आम्ही' घोटत होते. आता घरी गेल्यावर मी 'नाही' म्हटलं की आई म्हणते, "पुण्याची पावणी आली बघा." म्हणजे तिकडे गावाची आणि इकडे पुण्याची. हॉस्टेलच्या खोलीत चार कॉट आहेत. तिघी दुसऱ्या अभ्यासक्रमाच्या, आणि आमचं बोलणं गिझर बंद कर, लाइट बंद कर, यापुढे फारसं जात नाही. संध्याकाळी मी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाते आणि माझी वाक्यं मोठ्यानं म्हणते. ऐकायला कबुतरं असतात. दिवसभरात मी तोंड उघडते ते बहुतेक दुसऱ्याने लिहिलेलं बोलायला. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, पण खरं आहे.

तर यंदाच्या परीक्षेचं नाटक एकटीचं होतं. साठीची एक बाई. उद्या घराला कुलूप लावून तिला कायमचं मुलीकडे जायचंय, आणि आज ती सामान बांधते आहे. पाऊण तास तिच्याशिवाय रंगमंचावर कुणी येत नाही. भूमिकेसाठी आम्ही दोघी होतो, श्रेया आणि मी. सरांनी दोघींना महिनाभर तालमी दिल्या. दिवाळीच्या सुट्टीआधी माझी तालीम बघून ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले आणि म्हणाले, "इंद्रायणी, तू एकटी वाटत नाहीस. तू एकटेपणा करून दाखवतेस. सुट्टीवरून आलीस की आठ दिवसांनी शेवटचं बघतो. नाही जमलं तर श्रेया करेल आणि तू प्रकाशयोजना सांभाळ."

मला इतका राग आला की काय सांगू. जिच्याशी दिवसभरात कुणी दोन वाक्यं बोलत नाही, तिला एकटेपणा येत नाही म्हणायचं? नाट्यगृहाला नावं ठेवून झाली, सरांना ठेवून झाली. नाचता येईना अंगण वाकडं. मग वही पिशवीत टाकली आणि एसटीत बसले.

वसुबारसेच्या दोन दिवस आधी संध्याकाळी आईनं मला करंज्यांचा डबा देऊन धोंडाकाकीच्या मळ्यावर पाठवलं. धोंडाकाकी म्हणजे वडिलांच्या चुलतभावाची बायको. तिचा नवरा गेणभाऊ परसाली वारला. मुलगा सुनील चाकणला कंपनीत, राहायला भोसरीत. तो आईला ये म्हणतो, आणि ती म्हणते गायीचं काय करू. एक जर्सी गाय, एक खोली, पुढं पडवी. मळ्याकडे जायला एक पाणंद आहे, दोन्हीकडून डोक्याच्या वर ऊस. मी पाणंदीच्या वळणापाशी आले आणि पुढून दोन माणसांचं भांडण ऐकू आलं.

"आगं हळू चाल की. कुठं आग लागलीय?"

"गाय हंबरती तिकडं. तुमचं आपलं हळू चाल."

"हं, ऐकून घे आधी. मोटरीचा इस्टाटर मी बंद केलाय."

"काल बी असंच म्हणला व्हता."

माझे पाय जागीच थांबले. तो घसा खाकरून 'हं' म्हणणं, ते 'ऐकून घे आधी', हा गेणभाऊंचा आवाज होता. मी त्यांच्या दहाव्याला जेवलेली आहे. वळणावरून बाहेर आली ती एकटी धोंडाकाकी, हातात दुधाची रिकामी किटली.

"काकी, कुणाशी बोलत व्हता?" मी विचारलं. सहा महिन्यांचा आरसा एका क्षणात फुटला.

"बिबट्याशी," ती म्हणाली, आणि माझं तोंड बघून हसली. "आगं, त्या फारेष्टवाल्यांच्या पाटीवर लिवलंय न्हाई का, उसातून जाताना मोठ्यानं बोला, मोबाइलवर गाणी लावा. माझ्या मोबाइलला नुसती बटनं. त्यात गाणी कुठली? मग आमी दोघं बोलत येतो."

आमच्याकडे हे रोजचंच आहे. उसात बिबट्या असतो, श्रावणात त्यानं शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं नेलं. जो तो आपापल्या परीनं आवाज करत जातो. कुणी अभंग लावतो, कुणी सिनेमातली गाणी, कुणी उगाच फोनवर बोलल्याचं सोंग करतो. पण दोन आवाजांत बोलणारी फक्त काकी. तिचं म्हणणं, एकट्या बाईचा आवाज त्याला बरोबर ओळखू येतो. दोन माणसं असली की तो आडवा येत नाही. आणि गेणभाऊ असताना ती दोघं रोज संध्याकाळी डेअरीला दूध घालून याच पाणंदीनं अशीच भांडत यायची, कधी पाण्याच्या पाळीवरून, कधी सुनीलच्या लग्नावरून. ती भांडणं तिला तोंडपाठ होती.

मला खजिना सापडला. मी मनात म्हटलं, सर, या आता बघायला.

दुसऱ्या दिवसापासून मी काकीबरोबर डेअरीला जाऊ लागले. पण गंमत अशी झाली की मी बरोबर असले की गेणभाऊ येईनात. ती माझ्याशीच बोलायची, आईची कंबर, माझं लग्न, गायीची सुजलेली कास. मी विचारलं, "काकी, काका का बोलत नाहीत?" ती म्हणाली, "तू हायेस की. दोघी झालो. आता त्यांना कशाला तरास?"

मग मी चोरून बघायला लागले. वळणावर उसाच्या कडेला एक बांध आहे, तिथं बसायचं, फोनवर आवाज भरून घ्यायचा, काकी पुढं गेली की वहीत लिहायचं. चार संध्याकाळी मी ते केलं. किटली उजव्या हातात, पदर डाव्या. गेणभाऊंचं वाक्य आलं की हनुवटी खाली जाते. आणि एक गोष्ट मला तिसऱ्या दिवशी दिसली, जिच्यावर मी फार खूश झाले. त्यांचं वाक्य आलं की काकीची चाल मंदावायची, कधी ती थांबायचीसुद्धा. गेणभाऊंचा गुडघा दुखायचा. ती त्यांच्यासाठी थांबत होती. वहीत त्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या. दुपारी आमच्या गोठ्यात उभं राहून दोन्ही आवाज बसवले. गेणभाऊंचा तर असा बसला की आमची म्हैस कान टवकारून बघू लागली.

भाऊबीजेला देवळाच्या सभामंडपात तरुण मंडळाचा मेळावा असतो. बाहेरगावी असलेले सगळे आलेले असतात. मंडळाचे अध्यक्ष बाळासाहेब माईकवर म्हणाले, "आपल्या गावची नाटकवाली आलीय. इंद्रायणी, हो पुढं, पाच मिनटं कायतरी करून दाखव." मी नको म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मी तयारच होते. प्रेक्षकांसमोर एकदा करून बघावं, कुठं पकड येते ते कळेल, असा माझा हिशेब.

मी किटली म्हणून प्रसादाची बादली घेतली आणि सुरू झाले. दुसऱ्याच वाक्याला मंडपात हशा पिकला. 'हं, ऐकून घे आधी' म्हटल्यावर मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, गेणभाऊच की!" बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, म्हातारी माणसं मांड्यांवर थापा मारत होती. गुडघा धरून थांबले तेव्हा तर टाळ्या पडल्या. काकी बायांच्या दुसऱ्या रांगेत होती, नात मांडीवर घेऊन. तीही हसत होती. मी बघितलं होतं, म्हणून सांगते. सुनील आधी हसला, मग खाली बघायला लागला. तेही मी बघितलं आणि सोडून दिलं. माझं गाव माझ्यावर इतकं खूश मी जन्मात पाहिलं नव्हतं. परत येताना वाटलं, आता मी कुठलीतरी आहे.

दुसऱ्या दिवशी सुनील बायकापोरांना घेऊन भोसरीला गेला. संध्याकाळी मी सवयीनं बांधावर बसले. काकी आली, आणि एक शब्द न बोलता गेली. नुसता किटलीच्या कडीचा आवाज. मला वाटलं दमली असेल. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. दिवस लहान झाले होते, उसात अंधार लवकर भरत होता, आणि ती मधून गप्प चालली होती. मला भीती वाटली. मी बांधावरून उतरून तिच्या पुढ्यात उभी राहिले.

"काकी, तुमी बोलत का नाही?"

"बोलते की. काय बोलू?"

"मी त्या दिवशी केलं, त्याचा राग आला?"

"राग न्हाई गं. लोकं हसली, बरं वाटलं. लई दिसांनी त्यांचं नाव निघालं चारचौघांत." ती चालतच होती. थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "पण आता तोंड उघडलं की त्यांचा आवाज येत न्हाई. तुझा येतो. तू त्यांचा लई झ्याक काढलास. त्यापुढं माझा उभाच राहत न्हाई."

अशा वेळी माणसानं गप्प बसावं, तर मी दुसरी चूक केली. घाईनं फोन काढला आणि म्हणाले, "काकी, तुमचा आहे माझ्याकडे. मी भरून ठेवलाय. तुमच्या फोनात कार्ड घालून देते, हाच लावून चालत जा, म्हणजे काका तुमच्याजवळच राहतील." आणि पाणंदीत, भर उसात, मी ते लावलं.

काकी थांबून ऐकत राहिली. आगं हळू चाल की, कुठं आग लागलीय. तिनं मान तिरकी केली, मग फोनच्या जवळ कान नेला.

"ही कोण बाई?"

"तुमीच की."

"आन् ते?"

फोनमधून आलं, हं, ऐकून घे आधी.

"ही तर मीच हाय सगळी," काकी म्हणाली. "मला वाटायचं, ते बोलत्यात."

फोन मी बंद केला. तिनं माझ्याकडे रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, चल, उशीर झाला. त्या दिवशी मी तिला घरापर्यंत सोडलं, आणि परत येताना पाणंदीत एकटी मोठ्यानं रडत आले. बिबट्यासाठी तेवढा आवाज पुरेसा होता.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी मी काकीकडे गेले. म्हटलं, मी रोज संध्याकाळी सहाला फोन करते, स्पीकर चालू करून पिशवीत ठेवा. मी तिकडून बोलते, पाणंद संपेपर्यंत. हवं तर काकांच्या आवाजात बोलते.

"त्यांच्या नको," काकी म्हणाली. "तू लई चांगली करतीस, म्हणूनच नको. तू आपली तुझ्याच आवाजात बोल."

तेव्हापासून सहाच्या सुमारास मी टाकीमागे आणि काकी पाणंदीत, असं सुरू झालं. पहिल्या दिवशी हॉस्टेलच्या भाजीवर बोलले. दुसऱ्या दिवशी हवेवर. तिसऱ्या दिवशी विषय संपले. माझ्याच आवाजात बोलायचं म्हटल्यावर मला पंधरा मिनिटं पुरेल एवढंही बोलता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. मग मी माझं नाटक म्हणायला लागले. काकी पलीकडून किटली वाजवत ऐकायची.

नाटकात मध्यावर एक जागा आहे. ती बाई सवयीनं दोन कप चहा करते आणि मग दुसऱ्या कपाकडे बघत राहते. तिथं मी रोज हुंदके द्यायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी काकीनं मध्येच विचारलं, "ती रडती कशाला?"

"नवरा नाही ना तिचा. आणि दुसरा कप झाला."

"मग पिऊन टाकायचा. च्या काय वतून द्यायचा?" किटली थोडा वेळ वाजली नाही. "मी बी करते कवा कवा दोन. एकटं माणूस रडाय बसत न्हाई पोरी. त्याला भांडी घासायची असत्यात."

आठव्या दिवशी सरांनी तालीम बघितली. मी दुसरा कप उचलला, पिऊन टाकला, दोन्ही कप विसळले आणि पुढच्या गाठोड्याला लागले. सर चष्मा पुसायचं विसरले. मग म्हणाले, "श्रेया, प्रकाश तू बघशील?" श्रेया हो म्हणाली आणि मला जवळ घेतलं. भूमिका मिळाली. ज्या आनंदासाठी मी महिनाभर झुरले होते, तो आला, पण एखादा उसना ड्रेस घालावा तसा. तो आनंद काकीच्या जिवावरचा होता, आणि हे तिथं सांगण्याजोगं कुणी नव्हतं.

प्रयोग डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी, बरोबर सहाला. आमच्या पाणंदीचा ऊस अजून तोडीला आला नव्हता. दुपारी मी काकीला फोन केला, आज संध्याकाळी जमणार नाही, आईला बरोबर न्या. ती म्हणाली, "आईची कंबर धरलीय. तू तुझं काम कर. मी काय आज पयल्यांदा चाललेय?"

पडदा वर गेला. सुरुवातीचं सगळं बसवल्यासारखं झालं. मग चहाची जागा आली. मी दोन कप भरले, आणि एकदम माझ्या मनात आलं की आता काकी वळणावर आली असेल. सव्वासहा झाले असतील. ती गप्प असेल. मला पुढचं वाक्य आठवत होतं, विसरले नव्हते. पण ते म्हणायला तोंड उघडेना. मी कपाकडे बघत नव्हतेच, नाट्यगृहाच्या दाराकडे बघत होते आणि कान देऊन होते. समोर दीडशे माणसं होती आणि माझ्याजवळ कुणी नव्हतं. किती वेळ गेला माहीत नाही. मग कप उचलून मी चहा प्यायले.

प्रयोगानंतर सर रंगपटात आले. म्हणाले, "ती मधली शांतता कुठून आणलीस? तालमीत नव्हती." मी म्हटलं, झालं तसं. लोक भेटत होते, फोटो काढत होते. मी मेकअप न उतरवताच मागच्या जिन्यात गेले आणि फोन लावला. बराच वेळ वाजला. मग काकीनं उचलला.

"पोचले," ती म्हणाली. "गायीला वैरण टाकत व्हते. झालं का तुझं?"

"झालं. काकी, तुमी गप्प आलात?"

"न्हाई. बोलत आले."

"कुणाशी?"

"त्यांच्याशीच."

"आवाज आला त्यांचा?"

"न्हाई आला. आता काय यायचा न्हाई तो." तिकडे गाय हंबरली, काकीनं तिला एक शिवी घातली आणि परत फोनशी आली. "मग मी माझं माझंच बोलले. मोटर बंद केली का, म्हणले. आन् त्यांच्या बोलण्यापुरती थांबले. मग परत बोलले, परत थांबले. अशी आले घरापातुर."

"थांबायचं कशाला काकी? उसात?" माझा आवाज चढला. "सरळ बोलत यायचं ना भराभरा."

"असं कसं," धोंडाकाकी म्हणाली. "गुडघा दुखतो त्यांचा. थांबलं न्हाई तर ते मागं राहत्यात."